येतोय की जातोय

डबा कधी खोटं बोलला नाही. खोटं बोलायला तोंड लागतं, आणि त्या मनोऱ्यात ते मला होतं.

मी सेप्टिमस हेस्लप, साउथ शील्ड्सचा. सगळे सेप म्हणतात. सातवा म्हणून सेप्टिमस. आमच्याकडे पाच पोरांनंतर आईबापांना नावं सुचेनाशी होतात, मग ते मोजायला लागतात. सातांतले जगलो दोघेच, मी आणि माझ्याहून सहा वर्षांनी मोठा मॅटी. मी आरमारात गेलो, मॅटी कोळशाच्या जहाजांवर भट्टीत. तो म्हणायचा, घरात एकाने तरी काम करायला नको का?

एकोणीसशे अठराच्या जानेवारीत, जर्मनांशी युद्ध चालू होतं तेव्हा, मी 'हर्नशॉ' या हलक्या क्रूझरवर होतो. पुढच्या डोलकाठीवर, पन्नास फूट उंचीवर पत्र्याचा एक मनोरा होता. त्यात आम्ही पाच माणसं कोंबलेली असायचो, आणि माझ्या नाकासमोर तो डबा. त्याचं खरं नाव लांबलचक होतं आणि ते फक्त अधिकारी घेत. आम्ही त्याला डबाच म्हणायचो.

डब्याचं काम सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. पाच मैलांवरच्या जहाजावर तोफ डागली तर गोळा पोचायला वीसेक सेकंद लागतात. तेवढा वेळ ते जहाज आपली वाट बघत थांबत नाही. म्हणून ते आहे तिथे नाही, ते असेल तिथे मारायचं. आणि ते कुठे असेल हे कळायला त्याचं तोंड कुठे वळलंय हे कळावं लागतं. डब्याच्या भिंगातून बघितलं की एका जहाजाची दोन दिसायची. पुस्तकातल्या काळ्या आकृत्यांवरून जहाज ओळखायचं, त्याची लांबी डब्यावर लावायची, अंतर लावायचं, आणि चक्र फिरवत फिरवत एका चित्राचं नाक दुसऱ्याच्या शेपटाला टेकवायचं. टेकलं की पट्टीवर कोन वाचायचा. नव्वद म्हणजे जहाज पुरतं आडवं. कोन उतरायला लागला की समजायचं, वळतंय.

पण कुठे वळतंय? गोम इथेच होती. रस्त्यात आडवी उभी असलेली कोळशाची गाडी लांब दिसते, तिरकी झाली की आखूड. घोडा तुमच्याकडे वळला तरी आखूड आणि चाकं तुमच्याकडे वळली तरी तेवढीच आखूड. साठचा कोन म्हणजे येणारं जहाज असू शकतं आणि जाणारंही. डबा कोन सांगे. येतोय की जातोय हे डब्यामागच्या माणसाने बघून सांगायचं. ते काम माझं. आणि माझी नजर चांगली होती, हे मी बढाई म्हणून सांगत नाही. वाईट असती तर बरं झालं असतं.

आमचे तोफखान्याचे अधिकारी लेफ्टनंट स्ट्रिकलंड. माणूस वाईट नव्हता, पण एका शब्दाचं त्यांना वावडं होतं: 'बहुतेक'. त्यांचं म्हणणं असं की वरून डळमळीत उत्तर गेलं की खाली तोफांचा हिशेब करणाऱ्या यंत्राच्या टेबलावर बसलेल्यांची गाळण उडते आणि सहाच्या सहा तोफा वांझ होतात. चुकीचं पण ठाम चालेल, दुरुस्त करता येतं. डळमळीत चालणार नाही. तीन श्वासांत एक उत्तर. सरावात जो 'बहुतेक' म्हणेल त्याची त्या दिवसाची रम बंद. साहेब हे खरंच करत. पहिल्या महिन्यात मी नऊ वेळा कोरडा राहिलो. दुसऱ्या महिन्यात दोनदा. नंतर तो शब्द माझ्या तोंडातून गेलाच. आमच्या जेवणाच्या टेबलावर कोणी विचारलं, आज जेवायला काय, तर खानसामाही 'बहुतेक मटण' म्हणायला घाबरायचा. 'मटण' म्हणायचा, आणि मग ते काहीही निघायचं.

शेटलंडच्या लर्विक बंदरात आम्ही नॉर्वेला जाणाऱ्या ताफ्याची वाट बघत होतो, त्याची राखण आमच्याकडे होती. नऊ जहाजं, सगळी म्हातारी. त्यातलं शेवटचं धुरकट धूड म्हणजे 'मार्गरेट डन', आणि तिच्या भट्टीत आमचा मॅटी. मला कळलं तसा मी परवानगी काढून धक्क्यावर गेलो. तो एका दोरखंडाच्या वेटोळ्यावर बसून पाव आणि चरबी खात होता. तोंड धुतलेलं होतं, म्हणजे कानापर्यंत. त्यामागे काळं.

"आलं बघा आरमार!" तो ओरडला. "सगळे उभे राहा रे, राजाचा माणूस आलाय. काय सेप, बूट कोण पुसतं तुझे?"

"तुझ्यासारखे पुसतात."

"बस. अर्धा पाव खा. तुमच्याकडे काय, तुम्हाला तर मटण मिळत असेल."

"बहु—" मी म्हणता म्हणता थांबलो. "मटण मिळतं."

त्याने मला विचारलं, वर बसून मी नक्की करतो काय. मी सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं, बोटं चाटली आणि म्हणाला, "म्हणजे जर्मन येतोय की जातोय हे सांगायला सरकारने एक डबा केला आणि त्यामागे एक गाढव बसवलं? अरे, ते मलाही कळतं. येत असला की मी पळतो."

"आणि जात असला की?"

"मग चहा."

आम्ही हसलो. मग तो एकदम हळू आवाजात बोलायला लागला. मॅटी हळू बोलत नसे, भट्टीवाले बोलतच नाहीत, ओरडतात. "सेप, खरं सांगू का? माझी हल्ली फाटते. भट्टीपासून वर डेकपर्यंत बत्तीस पायऱ्या आहेत. लोखंडी शिडी, उभी. रात्री झोपेतही मोजतो. टॉर्पेडो लागला तर बत्तीस चढायला वेळ मिळतो का, सांग."

मी काय सांगणार? मी म्हणालो, टॉर्पेडो मारणाऱ्यांनाही कोळशाचं धूड मारायला लाज वाटत असेल.

"हेस्टरला नाही बोललो मी, बायकोला कशाला घाबरवायचं. तू पण बोलू नकोस. आईला तर नकोच." त्याने माझ्या गुडघ्यावर थाप मारली, तिथे काळा पंजा उमटला. "पण या खेपेला बरं वाटतंय. वर तू आहेस ना. आमच्या भट्टीत मी सगळ्यांना सांगून ठेवलंय, की आपल्यावर नजर ठेवायला माझा भाऊ आहे, आणि त्याला लहानपणापासून दुसऱ्याच्या ताटातलंही दिसतं."

यापेक्षा जास्त आम्ही बोललो नाही. भाऊ बोलत नाहीत. जाताना त्याने माझी टोपी डोळ्यांवर ओढली, मी पाच वर्षांचा असल्यापासून ओढायचा तशी.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोनच्या सुमाराला, शेटलंडपासून बरंच पूर्वेला, दक्षिणेकडच्या धूसरात एक जहाज दिसलं. उजेड जायला अजून तास होता, पण तिकडचा जानेवारीतला उजेड म्हणजे धुतलेल्या भांड्याचं पाणी. बर्फाची भुरभुर मधूनच यायची. स्ट्रिकलंड साहेबांनी दुर्बीण लावली आणि म्हणाले, "आपलं नाही." मी पुस्तकातली आकृती शोधली. तीन धुरांडी, मागची जरा बुटकी. जर्मन क्रूझर, आमच्यापेक्षा मोठी, आमच्यापेक्षा तोफा जास्त. लांबी लावली.

आम्ही ताफ्याच्या पुढे होतो. कप्तानाने जहाज वळवलं आणि आम्ही शेपटाकडे धावलो, कारण जर्मन शेपटाच्या बाजूने येत होता. ताफ्याला पांगण्याचा इशारा गेला. म्हाताऱ्या बोटी जमेल तशा वाट फुटेल तिकडे सुटल्या. 'मार्गरेट डन'ने उत्तरेला तोंड केलं. तिच्या धुरांड्यातून काळ्या धुराचा लोट निघाला. मी मनात म्हटलं, मॅटी घालतोय कोळसा, घाल बाबा.

"कोन?"

"नव्वद, साहेब. आडवा. डावीकडे चाललाय."

तोफा सुटल्या. पहिला मारा अलीकडे, दुसरा पलीकडे, तिसरा दोन्ही बाजूंना. चौथ्याला त्याच्या मधल्या धुरांड्यापाशी लाल ठिणगी उडाली. मनोऱ्यात आरडाओरडा झाला. मी सतरा वर्षांचा असल्यापासून तोफांशेजारी होतो, पण खऱ्या शत्रूवर गोळा बसलेला पहिल्यांदा बघत होतो. मीही ओरडलो. त्याचे गोळे आमच्या आजूबाजूला पडत होते, पत्र्यावर पाणी आदळत होतं, पण कोणाला त्याचं काही वाटत नव्हतं.

मग बर्फाचा एक पडदा मधून गेला, आणि तो सरला तेव्हा भिंगातल्या दोन आकृत्या एकमेकींपासून सुटल्या होत्या. नाक शेपटाला टेकत नव्हतं. मी चक्र फिरवलं. ऐंशी. सत्तर. साठ. साठवर टेकलं आणि तिथेच राहिलं. तो वळला होता.

"वळला, साहेब! कोन साठ."

"येतोय की जातोय?"

भिंगात होती एक करडी पाटी. धुरांडी एकात एक मिसळलेली, डोलकाठ्या धुरात. कोणीतरी मागून म्हणालं, "गोळा खाल्लाय, पळतोय भडवा!" आणि दुसरा हसला. गोळा लागला की पळणार, हे सगळ्यांना साहजिकच वाटत होतं. मलाही वाटलं.

"जातोय," मी म्हणालो.

स्ट्रिकलंड साहेबांनी ते बोलनळीतून खाली सांगितलं आणि कप्तानालाही कळवलं. खाली टेबलावर चक्रं फिरली, तोफांची तोंडं वर उचलली गेली. कप्तानाने दोन मिनिटांत झेंडे चढवले: शत्रू परत फिरला, रांगेत या. माझ्या उजव्या डोळ्याच्या कोपऱ्यात ते झेंडे फडफडताना दिसले.

आम्ही मारत राहिलो. पाणी उडताना दिसेना. गोळे लक्ष्याच्या पलीकडे पडले की त्यांचं पाणी लक्ष्यामागे लपतं, आणि धुक्यात तर सगळंच लपतं. मारा बघणारा अधिकारी म्हणाला, दिसत नाही म्हणजे लागत असतील. माणूस जात्याच असा आशावादी.

तेवढ्यात माझ्या कानाशी असलेली बोलनळी खरखरली. खाली टेबलावर पेटी ऑफिसर, म्हणजे आरमारातला हवालदार, पेंगेली होता, कॉर्नवॉलचा, सावकाश बोलणारा माणूस. "सेप, मी पेंगेली. अंतर मोजणारे मला दोनच आकडे देऊ शकले, धुकं आहे म्हणून. पण दुसरा पहिल्यापेक्षा कमी आहे. तू म्हणतोस तो जातोय. जात असला तर आकडा वाढायला हवा."

"धुक्यातले आकडे ते," मी म्हणालो.

"असतील. तू परत बघ. जातोय ना नक्की?"

मी परत बघितलं. बर्फ क्षणभर विरळ झालं होतं. करड्या पाटीच्या डाव्या टोकाला, पाण्यालगत, काहीतरी पांढरं होतं. दोन सेकंद दिसलं. जहाजाचं नाक पाणी कापत जातं तिथे पांढरं उठतं, शेपटाकडे ते सपाट असतं. आणि डावं टोक आमच्याकडचं होतं.

मला ते दिसलं. मी हे स्पष्ट लिहितो, कारण पुढे अनेकांनी मला सांगितलं की दिसलं नसणार.

दिसलं, आणि माझ्या मनात पहिला शब्द आला तो 'बहुतेक'. बहुतेक येतोय. तो शब्द म्हणायची जिभेला सवय राहिली नव्हती, हे खरं. पण रमच्या एका पेल्यासाठी मी गप्प बसलो असं कोणी समजू नये. तो येत असेल तर कुठे येत असेल, हे मला चक्राकडे न बघताही माहीत होतं. त्याच्या आणि माझ्या मधे, जरा डावीकडे, 'मार्गरेट डन' होती. झेंडे बघून ती परत रांगेकडे वळत होती, आणि तिचा धूर कमी झाला होता. तो येतोय असं मी म्हटलं असतं तर ते खरं झालं असतं. हे मूर्खपणाचं आहे, मला कळतं. माझ्या म्हणण्याने जर्मन वळणार नव्हता. पण त्या क्षणी तोंडाला वाटलं, आपण म्हणेपर्यंत ते तसं नाही.

"सेप? नक्की का?"

"नक्की. जातोय."

"बरं," पेंगेली म्हणाला. नळी गप्प झाली.

त्यानंतर दीड मिनिट गेलं असेल. नंतर चौकशीत सगळं मोजलं तेव्हा वळल्यापासून एकूण चार मिनिटं भरली. बर्फ संपलं आणि तो धूसरातून बाहेर आला, केवढा तरी मोठा, नाकाशी पांढरी मिशी, आणि आमच्या तोफा त्याच्या पलीकडच्या रिकाम्या समुद्रात गोळे टाकत होत्या.

"येतोय!" मी किंचाळलो. "येतोय, येतोय!"

त्याने आडवं होऊन 'मार्गरेट डन'वर तोफा रोखल्या. पहिलाच मारा तिच्या पोटात बसला. कोळशाने भरलेलं जहाज बुडायला वेळ लावत नाही. वाफेचा एक पांढरा ढग फुटला, ती मधोमध वाकली, आणि मी पुढचा कोन वाचेपर्यंत तिची दोन टोकं वर होती. मग एक. खालच्या टेबलाने आकडे सुधारले, आमचे गोळे त्याच्यावर बसायला लागले, दोन बसले, तीन बसले, आणि या खेपेला तो खरोखर वळून गेला. बाकीची आठ जहाजं वाचली.

ती बुडाली तिथून आम्ही अर्ध्या मैलावरून गेलो. थांबलो नाही. मागे राहिलेल्या बोटीने माणसं उचलायची, आम्ही शत्रूच्या मागे लागायचं, असा नियम. मी डबा तिकडे फिरवला. त्या मनोऱ्यात त्याच्याइतकं चांगलं भिंग दुसरं नव्हतं. पाण्यात डोकी होती, काळी ठिपक्याएवढी, आणि मी चक्र सोडलेलं नव्हतं म्हणून प्रत्येक डोकं दोनदा दिसत होतं. मी मोजली. चौदा. म्हणजे सात. मी त्यात मॅटीला शोधत होतो, आणि मला ठाऊक होतं की भट्टीवाला त्यात असण्याचं कारण नाही.

"हेस्लप," स्ट्रिकलंड साहेब म्हणाले. त्यांना माझा भाऊ त्या जहाजावर आहे हे माहीत नव्हतं. "शत्रू तिकडे आहे."

मी डबा फिरवला.

सातांतले चार वर काढले तेव्हा जिवंत होते. मॅटी त्यात नव्हता. तीन प्रेतांतही नव्हता.

त्या संध्याकाळी माझी रम मी घेतली नाही. पेंगेली येऊन शेजारी बसला. त्याने त्याचा पेला माझ्यापुढे सरकवला, आणि मी तो घेतला नाही तेव्हा स्वतः प्यायला.

"मी विचारलं होतं," तो म्हणाला.

"हो."

"एवढंच." आणि ते त्याने पुन्हा कधी काढलं नाही, ना माझ्याकडे ना वरिष्ठांकडे. त्याने काढलं असतं तर मी आभार मानत त्याचे पाय धरले असते.

फेब्रुवारीत चौकशी झाली. लांब टेबल, तीन कप्तान, आणि खालच्या यंत्राने जिच्यावर जर्मनाची वाट आखली होती ती कागदाची गुंडाळी टेबलावर उलगडलेली. मी साबणाने घासून लाल झालेले हात मागे धरून उभा.

"तू कोन किती सांगितलास?" मधल्या कप्तानाने विचारलं.

"साठ, साहेब."

त्यांनी शेजारच्याला विचारलं. शेजारच्याने पट्टीने मोजलं. "एकसष्ट निघतो."

"त्या उजेडात?" मधल्या कप्तानाच्या भुवया वर गेल्या. "बर्फात? एका अंशाचा फरक?" तिघांनी माझ्याकडे बघितलं, चांगल्या घोड्याकडे बघतात तसं. "लेफ्टनंट, हा माणूस कामाचा आहे."

"होय, साहेब," स्ट्रिकलंड म्हणाले. त्यांनी सांगितलं, की येतोय की जातोय हा निर्णय त्या धुक्यात कोणाच्याही नजरेला शक्य नव्हता, आणि खाली पाठवलेल्या प्रत्येक शब्दाची जबाबदारी त्यांची आहे. सरळ माणूस. मला त्यांचा राग आला.

"साहेब," मी म्हणालो, "मला दिसलं होतं."

मधल्या कप्तानाने मान वर केली. "काय दिसलं होतं?"

"नाकाशी पांढरं पाणी. तो येत होता."

"मग सांगितलंस का नाही?"

"बहुतेक वाटलं होतं, साहेब."

स्ट्रिकलंड साहेबांची मान खाली गेली. मधल्या कप्तानाने मात्र कागद सरळ केला आणि अगदी समजूतदारपणे म्हणाले, "म्हणजे तुझी खात्री नव्हती. खात्री नाही म्हणजे दिसलं नाही. नंतर माणसाला वाटतं की दिसलं होतं. सगळ्यांनाच वाटतं. तुला कोन विचारला होता, कोन बरोबर होता. जा तू." त्यांना कोणीतरी मॅटीचं सांगितलं असावं, कारण दारापर्यंत पोचलो तेव्हा ते म्हणाले, "भावाबद्दल वाईट वाटतं."

मला पदक मिळालं. त्याबद्दल इतकंच.

मार्चमध्ये रजा मिळाली तसा मी घरी गेलो. आई तेव्हा मॅटीच्या बायकोकडे, हेस्टरकडे राहायची. गल्लीत शिरल्याबरोबर तीन बायकांनी मला थांबवून माझा हात हातात घेतला. चौकशीनंतर आमच्या कप्तानाने पाठवलेलं पत्र आईने सगळ्या गल्लीला वाचून दाखवलं होतं, तिला वाचता येत नव्हतं तरी. तोंडपाठ होतं. आईने मला बसवलं, मटाराची घट्ट डाळ आणि हॅम पुढे ठेवलं, आणि मी खातो आहे का ते बघत बसली. शेवटी ती डुलक्या घेऊ लागली तेव्हा मी मागच्या आवारात गेलो.

हेस्टर कपडे धूत होती. लाकडी पिंपात दोन्ही हातांनी दांडका वर-खाली मारायचा, असं आमच्याकडचं धुणं. ती ते थांबवत नव्हती. मी पिंपाशेजारी उभा राहिलो. मी येतानाच ठरवून आलो होतो, की हिला सांगायचं. जगात दुसरं कोणी ऐकून घेणारं उरलं नव्हतं.

"तू यायची वाट बघत होते," ती म्हणाली. "मला सांगायचंय तुला काहीतरी. 'मार्गरेट डन'चा दुसरा मेट आला होता, कप्तानाच्या हाताखालचा. वाचलेल्या चौघांतला एक. लांबून आला बिचारा, पायाची बोटं गेलीत त्याची."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, जर्मन दिसला तेव्हा भट्टीतल्या निम्म्यांना वर सोडलं होतं. मॅटी सगळ्यांत आधी वर. बत्तीस पायऱ्या, सेप. त्याने मला कधी सांगितलं नव्हतं, पण झोपेत मोजायचा. मला माहीत होतं." दांडका वर-खाली होत होता. "मग तुमच्या जहाजावर झेंडे चढले. मेटने वाचून सगळ्यांना सांगितलं, जर्मन पळाला. आणि मॅटी काय म्हणाला माहितीये? म्हणाला, हे माझ्या भावाने सांगितलंय. म्हणाला, आमचा सेप वर बसून हेच बघतो. टोपी उडवली त्याने. आणि हसत हसत सगळ्यांत आधी खाली गेला, बाकीच्यांना म्हणाला, चला रे, चहा करू."

पिंपाबाहेर पडलेला एक मोजा मी उचलून परत आत टाकला.

"म्हणून मी म्हणते," ती म्हणाली, "घाबरून नाही गेला. मला तीच धास्ती होती, की तो त्या शिडीवर अर्ध्यात... पण नाही. हसत होता. तुझ्या शब्दावर हसत होता. तुझी चूक झाली ते खरं, पण साहेबांनी लिहिलंय ना, कोणालाच दिसणं शक्य नव्हतं. तू मनाला लावून घेऊ नकोस. मी तुला हेच सांगणार होते. तुला दिसलं नाही, त्यात तुझा काय दोष?"

तिने मला दार उघडून दिलं होतं. मी फक्त त्यातून आत जायचं होतं. मान हलवायची, बस. कोणताही शहाणा माणूस गेला असता.

"मला दिसलं होतं, हेस्टर."

दांडका थांबला.

"काय?"

"तो येताना दिसला. खालून पेंगेलीने विचारलंही. मी तरी म्हटलं, जातोय. मॅटी तिकडे होता म्हणून मला ते म्हणवेना. मला नको होतं, की तो येत असावा."

ती पिंपातल्या पाण्याकडे बघत राहिली. साबणाचा फेस बसत चालला होता. ती रडली नाही, ओरडलीही नाही. ओरडली असती तर मी तिच्यासमोर गुडघे टेकले असते.

"मला हे का सांगितलंस तू?" ती शेवटी म्हणाली.

"कोणाला तरी—"

"नाही. मला का सांगितलंस?" तिने ओले हात पोटाशी पुसले. "प्रेत नाही, थडगं नाही, अंगठीही नाही. त्याचं ते हसू तेवढं आलं होतं माझ्याकडे. दोन महिने मी त्याच्यावर जगतेय. आता ते आठवलं की मला काय दिसणार, सांग? तो हसतोय, आणि तुला माहितीये."

बोलायचं तिथे गप्प बसलो आणि गप्प बसायचं तिथे बोललो, अशी माझी नजर आणि असं माझं तोंड.

तिने पिंपातून चादर ओढून काढली. दुहेरी चादर पिळायला दुसरं माणूस लागतं. तिने एक टोक माझ्या हातात दिलं आणि दुसरं स्वतः धरलं. आम्ही उलट दिशांना पिळत राहिलो, पाणी फरशीवर पडत राहिलं. ती माझ्याकडे बघत नव्हती.

"आईला सांगू नकोस," ती म्हणाली. "तिला तू एकटाच उरलायस."

मग तिने माझ्या हातातून चादर घेतली आणि दोरीवर टाकायला गेली.